पिलांवरची मरळ

"मान आवळू नको तिची. मेलेल्या बेडकीकडं मरळ ढुंकून बघत न्हाई."

आबा काहिलीत उकिडवा बसून वल्हं मारत होता आणि माझी रेशमा दोन्ही हातांत बेडकी धरून त्याच्यासमोर बसली होती. बेडकीचे मागचे पाय तिच्या बोटांतून लोंबत होते. धाकटा अजित माझ्या मांडीला रेलून होता. त्यानं विचारलं, "आज्जा, चावती का?"

"कोण, बेडकी?"

"मरळ."

"बोट घातलंस तर तोडती."

अजितनं दोन्ही हात काखेत दडवले. आबा हसला. माझा बाप क्वचितच हसायचा, आणि हसला की समोरचे दोन दात पडलेले दिसायचे म्हणून लगेच ओठ मिटून घ्यायचा.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळतात ती लोखंडी कढई. गावचं गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा आबानं ती उचलून आणली, भोकं डांबरानं बुजवली आणि नदीत घातली. आम्ही भोई. आमच्याकडं होडी नव्हती, काहील होती. तिला नाक नाही, शेपूट नाही. वल्हं जरा चुकलं की जागच्या जागी भिंगरीसारखी फिरते. लहानपणी मी याच काहिलीतून पलीकडच्या मळ्यांत खुरपायला जाणाऱ्या बायकांना सोडायची. वल्हं माझ्या हाती दिलं होतं, गळ मात्र कधी दिला नाही. गळ पोरांनी धरायचा, पोरींनी मासे साफ करायचे, ही आमच्या घरची रीत. म्हणून आदल्या संध्याकाळी आबा म्हणाला, "उद्या पोरास्नी मरळीला न्हेतो. रेशमीला पण शिकवतो. तू पण चल," तेव्हा माझा विश्वासच बसेना.

भाद्रपद संपत आला होता. नदी उतरली होती, पण पाणी अजून गढूळच होतं.

मी माहेरी आले होते पंचमीला. पंचमीला सगळ्याच लेकी येतात. नागोबा पूजायचा, झोके घ्यायचे, आठ दिवसांत परत जायचं. मी गेले नाही. गणपती आले, गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. वहिनी भांडी घासता घासता भिंतीला सांगायची, "गौर देवी असून तिसऱ्या दिवशी जाती बाई. काहींना कळतच न्हाई." भिंत गप्प बसायची. मीही गप्प बसायची.

माझा नवरा दिनकर वाळूच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. पंचमीच्या आधी त्यानं माझ्या डाव्या कानाखाली अशी लगावली की त्या कानानं ऐकू येणंच बंद झालं. आजही येत नाही. कारण विचाराल तर कालवणात मीठ. खरं कारण मलाही माहीत नाही आणि त्यालाही. मारणाऱ्याला कारण लागतं, हे कधी मार न खाल्लेल्या लोकांचं मत आहे.

मी परत जाणार नाही, असं आबाला मी चुलीपुढं बसून एकदाच सांगितलं होतं. आबा म्हणाला होता, "बघू." भाऊ म्हणाला होता, "तानूमावशीगत करायचंय का तुला?" तानूमावशी ही माझ्या आईची बहीण. नवरा सोडून नदीच्या खालच्या अंगाला, पुढच्या गावात एकटी राहायची, बाजारात पाटी घेऊन मासळी विकायची. आमच्या घरात तिचं नाव धमकी दिल्यासारखं घ्यायचे. आई होती तोवर ती अधूनमधून यायची; आई गेली आणि तिला कुणी बोलावलं नाही.

याआधीही मी दोनदा अशीच घर सोडून आले होते. दोन्ही वेळा दिनकरनं एकच केलं. फटफटी घेऊन आला, दारात उतरलाही नाही. "चल रे, चक्कर मारू," म्हणून अजितला टाकीवर बसवलं आणि निघाला. पहिल्या गेअरमध्ये. मला पळत गाठता यावी इतकी सावकाश. मी चपला न घालता पळायची, रेशमाला बखोटीला धरून ओढायची, फाट्याच्या आत गाठायची आणि मागच्या सीटवर बसायची. सगळी आळी बघायची. बायका म्हणायच्या, "न्यायला आलाय बघ. जीव हाय हो बायकोवर."

या खेपेला दोन महिने होत आले तरी तो आला नव्हता. मी पोरांना नजरेआड होऊ देत नव्हते. परसाकडंला गेले तरी अजितला बरोबर न्यायची.

त्या दिवशी सकाळी वहिनी भलतीच गोड झाली होती. तिनं रेशमाची वेणी घातली, अजितला काजळ लावलं आणि स्वतःचं जांभळं लुगडं माझ्यापुढं टाकलं. "नेस. नदीवर चिखलात लोळायचं म्हणून काय फाटकंच घालावं का?" मग एक भरलेली पिशवी दिली. "पोरं भिजतील. दोन-दोन जोड टाकलेत." आणि पिशवीवर एक गाठोडं ठेवलं, लाल फडक्यात बांधलेलं. आत नारळ असल्याचं हाताला लागलं.

"हे काय?"

"वटी. नदी वलांडायची म्हंजे आसरांची वटी नको का?"

आसरा म्हणजे डोहातल्या सात बायका. पाण्यात बुडून मेलेल्या, असं म्हणतात. त्यांना खण-नारळ दिल्याशिवाय भोई नवं जाळंही पाण्यात टाकत नाही. वहिनीला हे सुचलं याचं मला नवल वाटलं. आधीचे दोन महिने मी तिला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या होत्या त्यांची लाजही वाटली. पिशवी फार जड होती. मी उघडून बघितली नाही. माझ्या पोरांचे कपडे कुणी घड्या घालून देतंय, एवढंच बघून मी विरघळले. उपाशी माणसाला शिळ्याचा वास येत नाही.

पलीकडच्या काठाला नदीनं जुनं वळण सोडलंय. तिथं पाणी साचून राहतं. वाहतं पात्र एका अंगाला आणि हे मुकं पाणी दुसऱ्या अंगाला, मध्ये चिखलाची एक पट्टी. कडेनं पाणकणसं, वर शेवाळ. मरळीचं घर. मळ्यातून आलेली गाडीवाट पार पाण्यापर्यंत उतरते. आबानं काहील चिखलात ओढून टेकवली आणि वल्हं खांद्यावर घेतलं.

मी गाठोडं उचललं. "आधी वटी वाहू."

"ऱ्हाऊ दे. जाताना."

"जाताना कोण वाहतं?"

"म्हटलं न्हवं, जाताना." आबा माझ्याकडं न बघता म्हणाला आणि गाडीवाटेकडं बघत राहिला. मला वाटलं, मळेवाला येऊन कावेल म्हणून बघतोय.

आधी पोरांचा हात बसावा म्हणून त्यानं बारका गळ लावला, त्याला गांडूळ. अजितला काठी पेलेना, तर मी मागून धरली. बुचाचा तुकडा पाण्यावर डुलत होता.

"बुच बुडलं की ओढायचं," आबा म्हणाला. "डुललं की न्हाई. बुडलं की."

"आता बुडलं?"

"न्हाई."

"आता?"

"गप बस की जरा. तुझ्या आवाजानंच मासे पळाले."

अजितनं तोंडावर हात ठेवला आणि नेमकं तेव्हाच बुच बुडालं. त्याचा हात तोंडावर आणि काठी नुसती माझ्याच हातात. मी ओढली. तळहाताएवढी चिलापी उडून आबाच्या पागोट्यावर आदळली आणि तिथून चिखलात पडली. रेशमा हसून हसून खालीच बसली. अजित म्हणत होता, "मी पकडली, मीच पकडली," आणि चिलापीला हात लावायला मात्र भीत होता. आबा पागोटं पुसत म्हणाला, "भोयाचं रक्त हाय. पण उलट्या बाजूनं चालतंय."

मीही हसले. किती दिवसांनी हसत होते कुणास ठाऊक. त्या पाण्याच्या कडेला, चिखलात पाय रोवून, मला खरोखर वाटलं की आबानं ठरवलंय. मला ठेवून घ्यायचं ठरवलंय आणि तोंडानं सांगता येत नाही म्हणून पोरीच्या हातात गळ देऊन सांगतोय.

मग आबानं बोट दाखवलं. "ती बघ. रेशमे, तिकडं, कणसांच्या आत."

शेवाळाच्या मधल्या मोकळ्या पाण्यावर तांबूस काहीतरी उकळत होतं. परातीएवढा घोळका. करंगळीच्या नखाएवढी पिलं, शेकड्यांनी, एकावर एक चढत वर यायची, हवा घ्यायची, खाली जायची.

"मरळीची पिलं," आबा म्हणाला. "आता ती हितंच असणार. खाली. दिसत न्हाई, पर हितंच. पिलं सोडून कुठं जात न्हाई."

त्यानं मोठ्या गळाला बेडकी पाठीतून लावली, तिचे पाय हलते राहतील अशी. काठी रेशमाच्या हातात दिली आणि मागं उभा राहून तिची कोपरं धरली.

"बेडकी घोळक्याच्या पल्याड टाकायची आणि पिलांवरनं ओढून आणायची. सावकाश. तिला गाठता आली पायजे. जोरात ओढलीस तर ती नाद सोडती."

"तिला भूक लागलीय का?"

"भूक कुठली. पिलं संभाळताना ती धड खात बी न्हाई. रागानं येती. माझ्या पिलांवर कोण आलं, म्हणून तोंड वासून धावती. झालं. गळ आत."

"तिला गळ दिसत न्हाई?"

"दिसला काय, न दिसला काय. पिलं तिथं असत्यात न्हवं."

 रेशमा तेव्हा तिसरीत होती आणि तिच्या प्रश्नांनी मास्तर वैतागायचे. "मग ती धरल्यावर पिलांचं काय हुतं?"

"दुसरे मासे खात्यात."

"सगळी?"

"एखादं ऱ्हातं. त्याची मरळ हुती." आबानं तिचं कोपर हलवलं. "टाक."

बेडकी पडली. रेशमानं ओढली. बेडकी पाय झाडत तांबड्या घोळक्यावरून सरकली आणि खालून पाणी फुगलं. थाडकन आवाज झाला. बेडकी हातभर उंच उडून शेवाळावर पडली. काठीला मात्र काहीच लागलं नव्हतं.

"आयला," आबा म्हणाला. "चुकली. परत."

परत तेच. पाणी फुगलं, धडक बसली, बेडकी उडाली, गळ रिकामा. या वेळी मी तिला पाहिलं. काळी, मांडीएवढी जाड, डोक्यावर सापासारखे खवले. ती घोळक्याखालून वर आली, बेडकीला डोक्यानं हाणलं आणि वळून परत पिलांखाली गेली. तोंड उघडलंच नाही.

तिसऱ्यांदा आबानं स्वतः काठी घेतली. तिसऱ्यांदाही तिनं तसंच केलं. आबा डोळे बारीक करून बघत राहिला.

"शाणी हाय. तोंड मिटून हाणती." त्यानं दोरा गुंडाळायला घेतला. "ही एकदा गळाला लागून सुटलेली असणार. जिचं तोंड फाटलंय ती शिकती. न्हाई गावायची आता."

"बरं झालं," रेशमा म्हणाली.

आबानं तिच्याकडं बघितलं. तो दोरा गुंडाळत राहिला. गुंडाळून झाला तरी बोटं तशीच फिरत राहिली.

मला आवाज आला नाही. डावी बाजू गाडीवाटेकडं होती. अजितनंच मान वर केली. "बाबांची फटफटी."

मी वळले तोवर दिनकर उतारावरून खाली आला होता. इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस. चाक चिखलात जाऊ नये म्हणून त्यानं गाडी वाटेच्या तोंडालाच वळवून उभी केली, इंजिन चालू ठेवूनच. माझे पाय सगळ्यात आधी अजितकडं धावायला हवे होते, पण मी आबाकडं बघितलं. आबा दचकला नव्हता. मान वर केली नव्हती. चिखलात टेकवलेल्या काहिलीच्या काठावर जाऊन तो बसला, वल्हं मांडीवर आडवं घेऊन.

"राम राम, आबा," दिनकर म्हणाला. "वेळेत आलो न्हवं?"

"वेळेत," आबा म्हणाला.

एवढ्यात दिनकरनं खिशातून संत्र्याच्या गोळ्या काढल्या होत्या आणि अजित त्याच्यापाशी पोचलाही होता. पोर पाच वर्षांचं. बाप मारतो तो आईला. त्याला तो गोळ्या देतो. दिनकरनं त्याला काखेतून उचलून टाकीवर बसवलं आणि स्वतः मागं टांग टाकून बसला.

"चल गं," तो मला म्हणाला. आवाज मऊ. "झालं ते झालं. तुझ्या बापानं निरोप धाडला म्हणून आलो. न्हाईतर मला काय कामं न्हाईत?"

मी अजून आबाकडंच बघत होते.

"सुगंधा," आबा म्हणाला, "वटी घे."

मला कळलं नाही. मग त्यानं हात लांबवून लाल गाठोडं जवळ ओढलं आणि सोडलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाची पुडी. आणि पोळीचे चार तुकडे, फडक्यात वेगळे बांधलेले. आसरांना कुणी पोळी देत नाही. पोळी वाटेत खायला देतात. सासरी निघालेल्या लेकीला.

"तुझ्या वयनीनं भरलीया. मी पडलो बापई, मला भरता येत न्हाई. तूच घे पदरात." तो नारळाकडं बघत बोलत होता. "पोरास्नी बाप लागतो. मी आज हाय, उद्या न्हाई. तुझा भाऊ पण वाईट न्हाई, पर त्याच्या पोरीला बघायला येणार हायत. येणारी माणसं इचारत्यात, घरात ही कोण बसलीया म्हणून. काय सांगायचं त्यानं? घरी सांगितलं असतं तर तू आली नसतीस. आळी गोळा केली असतीस. हितं कोण न्हाई. गप जा."

हे सगळं तो एका दमात बोलला. पाठ केल्यासारखं. रात्रभर पाठ केलं असेल.

तर मरळीला येणं हे असं होतं. जांभळं लुगडं, वेणी, काजळ, दोन-दोन जोड, पोरीच्या हातातला गळ. आबा सगळ्या नदीत नावाजलेला होता. कुठल्या माशाला काय लावायचं हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मागं नदी, पुढं फटफटी, घरी जायला एकच काहील आणि तिचं वल्हं बापाच्या मांडीवर.

"बस लवकर," दिनकर म्हणाला. "गाडी तापती."

मी हलले नाही. त्यानं मान हलवली, जशी माझी ही जुनीच खोड आहे, आणि गेअर टाकला. फटफटी हळूहळू सरकायला लागली. पहिला गेअर. अजित टाकीवर बसून गोळी चोखत होता. मी मागं राहतेय हे दिसल्यावर त्याचं तोंड वाकडं झालं. "आई?" तो म्हणाला.

 घशात ओरडणं आलं होतं. सगळ्या शिव्या, सगळं रडणं, आबाला काय म्हणायचं ते, दिनकरला काय म्हणायचं ते. तोंड उघडलं असतं तर मी पळत सुटले असते. आणि पळाले असते तर बसले असते. दोनदा बसलेच होते.

मी तोंड मिटलं. आबाच्या पुढ्यातलं गाठोडं उचललं, गाठ मारली आणि चालत निघाले. दिनकरनं आरशात बघितलं आणि गाडी अजून सावकाश केली. मला गाठता यावी म्हणून. मी गाठली. तो ओळखीचं हसला, पुढं सरकून त्यानं मला जागा करून दिली. पायही टेकवले.

मी गाठोडं सीटवर ठेवलं. माझ्या जागी. मग अजितच्या पुढून हात घातला, किल्ली फिरवली आणि उपसून काढली. इंजिन बंद पडलं. ती किल्ली मी जेवढी लांब फेकता येईल तेवढी फेकली. मुक्या पाण्यात, पाणकणसांच्या मध्ये, जिथं तळाला कंबरभर गाळ आहे. डुबुक असा बारका आवाज झाला. पिलांचा घोळका खाली गेला आणि पुन्हा वर आला.

दिनकर आधी किल्ली पडली तिकडं बघत राहिला. माझ्याकडं नंतर बघितलं. तेवढ्या वेळात मी अजितला बगलेत मारलं होतं आणि अर्ध्या वाटेवर आले होते. मागून तो काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. तो माझ्यामागं दोन पावलं आला, पण गाडी उतारावर होती आणि त्यानं ती नुसती पायावर धरली होती. सोडली तशी आडवी झाली. नारळ फुटल्याचं ऐकू आलं. तो गाडीकडं वळला. पुरुषाचा जीव कशात असतो ते मला तेव्हा कळलं, आणि त्याचं मला फार बरं वाटलं.

रेशमा आधीच काहिलीत जाऊन बसली होती. मी तिला सांगितलं नव्हतं. पिशवी तिच्या मांडीवर होती, दोन-दोन जोड कपड्यांची. वहिनीनं बरोबर भरली होती.

आबा काहिलीच्या काठावर तसाच बसलेला. मी अजितला आत टाकलं आणि वल्ह्याला हात घातला. आबानं वल्हं दोन्ही हातांनी धरलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. त्याच्या हनुवटीला चिलापीचा खवला चिकटलेला होता.

"सुगंधे," तो म्हणाला, "कुठं जाणार तू?"

मी वल्हं ओढलं. ते आलं. मी हिसकून घेतलं की त्यानं सोडलं, हे मला आजही सांगता येत नाही आणि त्यानंही मरेपर्यंत सांगितलं नाही. वल्हं सुटलं तसा तो काठावरून घसरून चिखलात बसला. मी काहील ढकलली आणि आत चढले.

पहिल्याच वल्ह्याला काहील गरगर फिरली. किती वर्षांत हात लावला नव्हता. आकाश फिरलं, काठ फिरला, चिखलात बसलेला आबा आणि फटफटी उचलणारा दिनकर, मग पलीकडचं आमचं गाव, घाट, घाटावर धुणं धुणाऱ्या बायका, पुन्हा आबा, पुन्हा दिनकर. अजित मोठ्यानं रडायला लागला. मी गुडघे टेकले, वल्हं पुढं घातलं आणि पाणी स्वतःकडं ओढलं. काहील थांबली. मग सरकली.

दिनकर कमरेइतक्या पाण्यात शिरला होता. नदीत नव्हे, मुक्या पाण्यात. दोन्ही हातांनी गाळ चाचपत होता. पाणकणसं हलत होती. त्याच्या जवळपास कुठंतरी ती काळी, जाड मरळही असणार, पिलांखाली.

"आई, आज्जा राहिला," रेशमा म्हणाली.

"त्याला पोहता येतं."

"बाबांना पण येतं."

"येऊ दे."

"मग ते घरी येतील."

 मधल्या धारेला ओढ होती. धार आडवी कापायला दंडात जोर लागतो; आमचा घाट समोर दिसत होता. बायकांनी हात थांबवून वर बघितलं होतं. त्यात वहिनीही होती, कमरेवर घागर घेऊन. काहिलीतली माणसं लांबून मोजली तरी कळत होतं, आत एक बाई आणि दोन पोरं, म्हातारा नाही. तिनं घागर खाली ठेवली.

त्या काठाला नवरा, या काठाला वहिनी. दोन्ही काठ मला माझीच घरं म्हणून शिकवलेले.

मी वल्हं वळवलं. काहिलीचं तोंड, तिला तोंड नसतं तरी, धारेबरोबर खाली केलं.

अजितचं रडणं कमी झालं होतं. गालात गोळी अजून होती. रेशमा मागं बघत होती. "आई, आपला घाट गेला."

"जाऊ दे."

"मग आपण कुठं चाललोय?"

"तानूमावशीकडं."

"ती कोण?"

"मासळी विकती."

तिनं यावर विचार केला. मग पुन्हा मागं बघितलं आणि माझ्या लुगड्याला धरलं. "आई, आज्जा उभा राहून हाका मारतोय."

काहील जरा तिरकी होत होती. मी वल्हं दुसऱ्या अंगाला घेतलं आणि डावा कान त्या काठाकडं केला.